नाक बघायला शिका: ग्रीक शिल्पांपासून रेनेसाँच्या चित्रांपर्यंत

चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच महिन्यात सरांनी टेबलावर प्लास्टरचं एक नाक आणून ठेवलं. नुसतं नाक. डोळे नाहीत, ओठ नाहीत. मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड'च्या नाकाची ती प्रतिकृती होती, वीतभराहून उंच. कलाशाळांमध्ये डेव्हिडचे असे सुटे अवयव सरावासाठी ठेवायची जुनी पद्धत आहे. "चार दिवस हेच काढायचं," सर म्हणाले. पहिल्या दिवशी मी दोन रेघा मारल्या, खाली दोन भोकं काढली आणि मोकळी झाले. चौथ्या दिवशी कुठे कळलं की नाकाला समोरचा, दोन बाजूंचे आणि खालचा असे निदान चार पृष्ठभाग असतात आणि खिडकीतून येणारा उजेड त्या चारांवर चार तऱ्हांनी पडतो. तेव्हापासून कुठल्याही संग्रहालयात गेले की मी आधी नाकाशी जाऊन उभी राहते.

ग्रीक-रोमन शिल्पं आणि रेनेसाँची, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या युरोपीय पुनर्जागरणाची, व्यक्तिचित्रं बघायला ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. परदेशी जायलाच हवं असं नाही. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर या कलाकृतींची उत्तम छायाचित्रं फुकट बघता येतात आणि मोठी करूनही बघता येतात. सोबत एक वही आणि पेन्सिल मात्र हवी.

पायरी १: आधी शब्द जमवा

शब्द नसला की डोळा चुकार होतो. सुदैवाने नाकाच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. चाफेकळी, सरळ, धारदार, बाकदार, पोपटाच्या चोचीसारखं, अपरं, नकटं, बसकं, फेंदारलेलं, नाकेला माणूस, नाकीडोळी नीटस मुलगी... हे शब्द घरात रोज कानावर पडतात. आपल्या शिल्पपरंपरेत नाकाला तिळाच्या फुलाची उपमा आहे. एखादं शिल्प समोर आलं की यातला एक शब्द मनाशी म्हणा. नेमका बसत नसेल तर दुसरा शोधा. ही शोधाशोध म्हणजेच बघणं.

लिओनार्दो दा विंचीनेही हेच केलं होतं. एकदाच पाहिलेला चेहरा लक्षात कसा ठेवायचा, हे सांगताना त्याने बाजूने दिसणाऱ्या नाकांचे दहा प्रकार लिहून ठेवले: सरळ, बोंडासारखं, खोलगट, मध्याच्या वर उठलेलं, मध्याच्या खाली उठलेलं, गरुडासारखं बाकदार, सपाट, नकटं, वाटोळं आणि टोकदार. समोरून दिसणाऱ्या नाकांची यादी त्याने वेगळी केली. त्याचं सांगणं असं की हे प्रकार आधी पाठ करा; मग रस्त्यात माणूस दिसला की वहीत नुसती खूण करायची आणि घरी जाऊन चेहरा काढायचा. मी लोकलमध्ये हा सराव केला आहे. दादरला चढलेला चेहरा ठाण्यात उतरेपर्यंत ध्यानात राहतो, तो नाकामुळेच.

मापाचं एक सूत्रही जवळ ठेवा. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने चेहऱ्याचे तीन सारखे भाग केले: हनुवटीपासून नाकाच्या बुडापर्यंत एक, तिथून भुवयांच्या मध्यापर्यंत दुसरा आणि तिथून केसांच्या कडेपर्यंत तिसरा. म्हणजे नाक चेहऱ्याचा एक तृतीयांश. रेनेसाँच्या चित्रकारांनी हे माप उचललं. कुठलंही चित्र घेऊन पेन्सिलीने हे तीन भाग मोजून बघा. जिथे माप चुकतं, तिथे बहुतेक वेळा चित्रकार नियम बाजूला ठेवून समोरच्या माणसाकडे बघत असतो.

पायरी २: हे नाक मूळचं आहे का?

ही पायरी नवशिके हमखास गाळतात आणि पुढचं सगळं मुसळ केरात जातं. संगमरवरी पुतळा पडला की पहिलं नाक जातं, कारण तेच सगळ्यांत पुढे आलेलं आणि नाजूक असतं. कधी ते मुद्दामही फोडलं जाई. ब्रिटिश म्युझियममध्ये जर्मॅनिकस या रोमन सेनापतीचा हिरवट काळ्या दगडातला अर्धपुतळा आहे. नंतरच्या काळात कुणीतरी त्याच्या कपाळावर ख्रिस्ती क्रूस कोरला आणि नाक छाटलं. मूर्तीचं नाक घालवलं की मूर्तीची ताकद गेली, ही समजूत खूप जुनी आणि अनेक देशांत आढळणारी आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातल्या श्रीमंतांना दिवाणखान्यात फुटकी शिल्पं नको असत. मग रोममधले कारागीर नवं नाक बसवून देत. त्यासाठी तुटलेला खडबडीत भाग कापून सपाट करायचा, भोक पाडून लोखंडी खुंटी घालायची आणि नवा संगमरवर जोडायचा. विसाव्या शतकात संग्रहालयांचं मत बदललं आणि ही नाकं पुन्हा काढली गेली. कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयाने अशी काढलेली नाकं एका कपाटात ओळीने मांडून ठेवली आहेत. त्या संग्रहाला नाव दिलंय 'नासोथेक'. आपल्या नासिकेशी नातं सांगणारा हा शब्द मला फार आवडतो.

तपासायचं कसं, तर नाकाच्या मुळाशी किंवा मध्यावर केसासारखी सरळ रेघ दिसते का ते बघा. दगड नैसर्गिकपणे तुटतो तेव्हा कड वेडीवाकडी असते. सरळ रेघ माणसाच्या करवतीची. मग रंग बघा. गालावर शतकांचा पिवळटपणा आणि नाक मात्र पांढरंधोप, असं असलं तर ते नंतरचं. नाकाचा शेंडा फारच गुळगुळीत असेल तरी शंका घ्या. आणि शेवटी पाटी वाचा. प्रामाणिक संग्रहालयं 'नाक नंतर बसवलेले' असं स्पष्ट लिहितात. नाक नंतरचं निघालं तर ते अठराव्या शतकातल्या कारागिराची 'रोमन नाका'बद्दलची कल्पना सांगतं, रोमन माणसाबद्दल काही सांगत नाही.

पायरी ३: कपाळापासून रेघ ओढा

आता ग्रीक शिल्पाच्या बाजूला जाऊन उभे राहा. आपल्या चेहऱ्यावर कपाळ आणि नाक मिळतात तिथे बोट ठेवलंत तर खळगा लागतो. चष्मा तिथेच बसतो. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकांतल्या ग्रीक देवतांना तो खळगा जवळजवळ नसतोच. कपाळाची रेघ तशीच खाली नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरते. ऑलिंपियाला १८७७ साली सापडलेला, शिल्पकार प्रॅक्सिटेलीसचा म्हणून ओळखला जाणारा हर्मीस देवाचा पुतळा याचं उत्तम उदाहरण आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या उठाव शिल्पांतले घोडेस्वार बघा, तिथेही हीच रेघ.

ग्रीक माणसं खरोखर अशी दिसत होती का? ही घडवलेली, मान्य झालेली सुंदरता होती असं मला ठामपणे वाटतं. पुतळा उघड्यावर, उंचावर, रणरणत्या उन्हात उभा असायचा. खळग्यात सावली पडली की चेहरा दोन तुकड्यांत दिसतो. अखंड उतार असला की दुरूनही एकसंध दिसतो. पेन्सिल घेऊन हर्मीसची बाजूची रेघ एका दमात ओढून बघा. हात कुठेच अडखळत नाही.

ग्रीकांना दुसरी नाकं दिसत होती याचा भक्कम पुरावा आहे. सॉक्रेटिस नकटा होता. प्लेटोने ते लिहून ठेवलंय आणि शिल्पकारांनीही लपवलं नाही; त्याच्या शिल्पांत बसकं, रुंद नाक येतं, सायलेनस या वनदेवाच्या चेहऱ्याशी जुळणारं. प्लेटोच्याच एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की प्रेमात पडलेल्याला नकटं नाक गोड वाटतं, बाकदार नाक राजेशाही वाटतं आणि मधलं असलं तर अगदी प्रमाणबद्ध वाटतं. अडीच हजार वर्षं होत आली, स्थळ बघायला गेलेली माणसं आजही असंच बोलतात.

या पायरीवर एका शिल्पासमोर जरा जास्त वेळ थांबा: रोमच्या पलाझ्झो मासिमोमधला, बसलेला मुष्टियोद्धा. ब्राँझचा, १८८५ साली रोममध्ये खणताना सापडलेला. लढत संपली आहे, हातांना चामडी पट्टे तसेच बांधलेले आहेत आणि तो मान वळवून कुणाकडे तरी बघतो आहे. त्याचं नाक मोडलेलं आहे. एकदा नव्हे, अनेकदा मोडून बसलेलं. दांडी दबलेली, ओठ किंचित उघडे, जणू नाकाने श्वासच घेता येत नाही. चेहऱ्यावरच्या जखमांत शिल्पकाराने लालसर तांबं भरलं आहे आणि मांडीवर, दंडावर तांब्याचेच थेंब आहेत, मान वळवताना गळलेल्या रक्ताचे. हर्मीसच्या नाकावर काळाचा एकही ओरखडा नाही. या माणसाच्या नाकावर त्याच्या सगळ्या लढती आहेत. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून दहा मिनिटं बघा.

पायरी ४: रोमला आलात की नाणी काढा

रोमन लोकांना नाकांचं भारी अगत्य होतं. त्यांच्या आडनावांतच नाकं आहेत. कवी ओव्हिडचं पूर्ण नाव पुब्लियस ओव्हिडियस नासो. नासो म्हणजे नाकेला. सिसरो हे नाव काबुली चण्याच्या लॅटिन नावावरून आलंय. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की सिसरोच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर चण्यासारखी खाच होती.

प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळातली रोमन म्हाताऱ्यांची शिरं बघा. सुरकुत्या, गळलेले गाल, मोठं बाकदार नाक, काही लपवलेलं नाही. मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपून ठेवत आणि अंत्ययात्रेत मिरवत. वय आणि अनुभव ही तिथे प्रतिष्ठा होती, म्हणून शिल्पातही तेच हवं असायचं. तेव्हा हे 'जसंच्या तसं' दिसणं हीसुद्धा एक निवड आहे, हे विसरू नका.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस आला आणि वारं फिरलं. तो ७५ वर्षं जगला, पण पुतळ्यांत कधी म्हातारा झाला नाही. चरित्रकार सुएटोनियस लिहितो की त्याचं नाक वर किंचित उठलेलं आणि खाली आत वळलेलं होतं. हे डोक्यात ठेवून १८६३ साली प्रिमा पोर्ता इथे सापडलेला, आता व्हॅटिकनमध्ये असलेला त्याचा पुतळा बाजूने बघा. तो उंचवटा किती हलका केला आहे ते ताडा.

क्लिओपात्राचं नाक तर म्हणीसारखं झालंय. ते थोडं आखूड असतं तर जगाचा चेहराच बदलला असता, असं सतराव्या शतकातल्या पास्काल या फ्रेंच विचारवंताने लिहिलं आणि लोक तेव्हापासून त्या नाकावर बोलत आहेत. तिच्या नाण्यांवर बाकदार नाक आणि पुढे आलेली हनुवटी आहे. बर्लिनमध्ये तिचं मानलं जाणारं संगमरवरी शिर आहे, त्यात ते पुष्कळ सौम्य झालंय. नाणं हे राज्यकर्त्याचं जाहीर निवेदन असतं. तिचा जोडीदार, रोमन सेनापती अँटनी याच्याबरोबरच्या काही नाण्यांवर दोघांचे चेहरे एकमेकांसारखे काढले आहेत, तेही त्याच कारणाने.

नाणी बघायची सवय घरूनच लावता येईल. आजीच्या डब्यात राणीछाप रुपया असेल तर काढा. व्हिक्टोरियाचा चेहरा बाजूने, डावीकडे बघणारा. नाणं कितीही झिजलं तरी कपाळ-नाक-ओठांची ती बाहेरची कड ओळखू येते, कारण बारकावे पुसले गेले तरी आकृतीची सीमा उरते. राज्यकर्त्याला नाण्यावर बाजूने दाखवण्याची ही रीत ग्रीक आणि रोमन टांकसाळींतून चालत आलेली आहे. सीझरने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोममध्ये स्वतःचा चेहरा नाण्यावर घातला, तेव्हा जिवंत रोमन माणूस तिथल्या नाण्यावर येण्याची ती पहिली वेळ होती.

पायरी ५: रेनेसाँमध्ये चेहरा कुठे वळलाय ते बघा

पंधराव्या शतकातल्या इटलीत विद्वान आणि सरदार जुनी रोमन नाणी हौसेने जमवत. त्यावरूनच पिसानेलोसारख्या कलाकाराने १४३८ च्या सुमारास व्यक्तिचित्रांची पदकं ओतायला सुरुवात केली आणि रंगवलेल्या व्यक्तिचित्रांतही बाजूचा चेहरा मानाचा ठरला. बाजूच्या चेहऱ्यात नाकच राजा.

पिएरो देल्ला फ्रांचेस्काने रंगवलेला उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीमध्ये आहे. चित्र लहान आहे, जेमतेम दीड फूट उंच. लाल टोपी, लाल अंगरखा, मागे धुक्यात गेलेले डोंगर आणि या सगळ्याच्या पुढे ते नाक: भुवयांपासून लगेच आत कापल्यासारखी खोल खाच, मग एकदम बाहेर येणारा बाक. १४५० मध्ये भाल्यांच्या खेळात फेदेरिकोचा उजवा डोळा गेला. उरलेल्या डोळ्याला पलीकडचं दिसावं म्हणून त्याने नाकाची दांडी कापून घेतली असं सांगतात. त्याच आघातात ती गेली असंही सांगतात. चित्रकाराने डावी बाजू निवडून फुटका डोळा झाकला, पण नाकाची खाच अगदी स्पष्ट ठेवली. गालावरचे मसही ठेवले. हे जोडचित्र आहे; समोरच्या फळीवर त्याची बायको बात्तिस्ता स्फोर्झा आहे, फिकट, शांत, दागिन्यांनी मढलेली. ती १४७२ मध्ये वारली होती. पदकांवर, इतर चित्रांतही फेदेरिको असाच डावीकडून भेटतो. चित्र कोणाचंही असो, त्या खाचेवरून तुम्ही त्याला शंभर चेहऱ्यांत ओळखाल.

पुढे फ्लेमिश चित्रकारांच्या प्रभावाने इटलीत चेहरा पाऊण वळला. आता नाकाची सावली गालावर पडू लागली आणि डोळे आपल्याकडे बघू लागले. अशा चित्रात नाकाची रेघ शोधू नका, सावलीची कड शोधा.

पायरी ६: एकाच माणसाची अनेक नाकं जमवा

एका चित्रावरून निष्कर्ष काढायचा नाही. फ्लॉरेन्सचा सत्ताधारी लोरेंझो दे मेदिची याचं उदाहरण घ्या. त्याचं नाक चपटं, वाकडं होतं आणि त्याला वास येत नव्हता अशी नोंद आहे. त्याचा मृत्यूनंतर, १४९२ मध्ये घेतलेला प्लास्टरचा मुखवटा उपलब्ध आहे. त्याच्या शेजारी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतला मातीचा भाजलेला अर्धपुतळा आणि चित्रकार आणि कलाकारांचा चरित्रकार व्हासारी याने कितीतरी वर्षांनी रंगवलेलं चित्र ठेवा. काय टिकलं आणि काय उजळलं, ते आपोआप दिसेल.

इटालियन कवी दान्तेची गोष्ट उलटी आहे. तो १३२१ मध्ये वारला. त्याला न भेटलेल्या लेखक बोकाच्चोने त्याचा लांब चेहरा आणि बाकदार नाक शब्दांत वर्णिलं आणि बोत्तिचेल्लीने १४९५ च्या सुमारास ते असं धारदार रंगवलं की आज दान्ते म्हटलं की तेच नाक डोळ्यांपुढे येतं.

मायकेलअँजेलोचं स्वतःचं नाकही मोडलेलं होतं. तरुणपणी फ्लॉरेन्सच्या एका चॅपेलमध्ये मासाच्चोची चित्रं गिरवताना पिएत्रो तोर्रिज्यानो या सोबत शिकणाऱ्या मुलाशी भांडण झालं आणि त्याने ठोसा मारला. दानिएले दा व्होल्तेर्राने घडवलेल्या ब्राँझच्या चेहऱ्यात ते दबलेलं नाक दिसतं. ज्याचं नाक मोडलं त्यानेच डेव्हिडचं नाक घडवलं. व्हासारी सांगतो की सोदेरिनी या नगरप्रमुखाला ते नाक जाड वाटलं. मायकेलअँजेलो छिन्नी घेऊन वर चढला, मुठीत लपवलेला संगमरवराचा भुगा हळूहळू खाली सोडला, नाकाला हातही लावला नाही आणि विचारलं, आता कसं आहे? सोदेरिनी खूश झाला. गोष्ट खरी असो नसो, डेव्हिड मुळात कॅथीड्रलवर उंच ठेवायचा होता, हे लक्षात घेऊन ते नाक खालून बघा.

पायरी ७: नाकावरून माणूस तोलू नका

इथे थोडं थांबून बोलायलाच हवं. नाकावरून स्वभाव सांगण्याचं 'शास्त्र' युरोपात जुनं आहे आणि अठराव्या शतकात ग्रीक देवतेची रेघ हे मानवजातीचं माप म्हणून वापरलं जाऊ लागलं. त्याचे चटके आपल्यालाही बसले. हर्बर्ट रिझली या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ मध्ये नाकाची रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर काढून जातीची सामाजिक पायरी नाकाच्या मापाशी जोडली. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं की हा नियम देशभर लागू पडत नाही. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात नाकांची हीच मापं समोर ठेवून सिद्ध केलं की अस्पृश्यता वंशभेदातून आलेली नाही. आधी ठरवलेल्या रेघेवर माणूस बसवायला गेलं की काय होतं, ते या मापांच्या इतिहासात दिसतं. चित्रासमोर उभं राहताना मी त्याची आठवण ठेवते.

पायरी ८: काढा

शेवटी एक चित्र स्वतः काढायचं. मी नवशिक्यांना नेहमी गिर्लांदायोचं 'म्हातारा आणि त्याचा नातू' देते. साधारण १४९० चं, पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. म्हाताऱ्याच्या नाकावर गाठीच गाठी आहेत, ज्या विकाराला आज डॉक्टर रायनोफायमा म्हणतात.

कागदावर आधी व्हिट्रुव्हियसचे तीन भाग हलक्या हाताने आखा. मग नाकाची बाहेरची कड न काढता फक्त सावल्या भरा: प्रत्येक गाठीखाली एक छोटी सावली. घाई करू नका, त्यातच अर्धा तास जाईल. त्यानंतर मुलाचं नाक काढा. तो बाजूने दिसतो, त्याला एकच मऊ रेघ पुरते. मग त्या रेघेच्या वर डोळा काढा आणि नजर कुठे जाते ते फुटपट्टी लावून बघा. ती सरळ आजोबांच्या चेहऱ्याकडे जाते. त्याचा चिमुकला हात त्यांच्या छातीवर टेकलेला आहे. तोही काढा.